नमुना लिहून द्या

महाराष्ट्रात क्रोशाचं काम घरोघरी आहे. दारावरचं तोरण, ताटाभोवतीची महिरप, समईखालचं आसन, बाळंतविड्यातलं टोपडं आणि मोजे, अलीकडे लोकरीची रांगोळी. लग्नात रुखवत मांडलं की त्यात क्रोशाच्या दोन-चार वस्तू हमखास असतात. पण या वस्तूंमागे ज्या रचना आहेत त्यांचा कागद मागा. बहुतेक घरांत तो सापडणार नाही. वस्तू आहेत, त्या करणारे हात आहेत, शिकवणाऱ्या आत्या-मावश्या आहेत. लिहिलेला नमुना नाही. ही उणीव किरकोळ नाही, असं माझं ठाम मत आहे. नमुना लिहिल्याशिवाय रचना पुरी होत नाही, आणि तो नाव-मापासकट दुसरीच्या हाती गेल्याशिवाय ती कुणाला दिली असं म्हणता येत नाही. फुकट द्यावा की विकावा, हा वाद त्यानंतरचा.

आपल्याकडे हे काम तोंडी आणि पाहून-पाहून शिकवलं जातं. ‘दाराच्या मापाची साखळी घाल, तीन खांब, दोन साखळ्या, परत तीन खांब, शेवटाला आलीस की मला दाखव.’ शिकणारी शेजारी बसते, चुकलं की उसवते, आणि हळूहळू हात बसतो. या पद्धतीला मी कमी लेखत नाही. सुई कशी धरायची, दोरा कोणत्या बोटावरून किती ताणून घ्यायचा, हे कुठलाही कागद नीट शिकवू शकत नाही. पण शिकवणारी शेजारी असेपर्यंतच ही पद्धत चालते. शिवाय ती टाके शिकवते, निर्णय शिकवत नाही. साखळ्या दोनच का, तिसऱ्या फेरीत खांब वाढवले आणि चौथीत का नाही, याचं उत्तर शिकवणारीच्या हातात मुरलेलं असतं. तिनेही ते कधी शब्दांत मांडलेलं नसतं. तिच्यामागे तोरण उरतं, उत्तर जातं.

निर्णय म्हणजे काय, ते एका ओळखीच्या वस्तूवरून पाहू. जाळीच्या विणकामातलं, ‘सुस्वागतम्’ लिहिलेलं पांढरं तोरण आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलं आहे. जाळीचं काम म्हणजे चौकोनी घरं. एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब, हे रिकामं घर. साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की घर भरलं. शेजारशेजारच्या घरांमध्ये एक खांब सामाईक असतो, म्हणून घरं कितीही असोत, टाके लागतात घरांच्या तिप्पट आणि वर एक. चाळीस घरांना १२१. भरलेल्या घरांतून अक्षर उमटतं.

रोमन लिपीतली मोठी अक्षरं सगळी एका उंचीची, त्यामुळे अशा चौकटीत ती सहज बसतात. देवनागरी तशी बसत नाही. शिरोरेखा सोपी, भरलेल्या घरांची एक सलग ओळ. काना म्हणजे उभा रकाना, तोही सोपा. पण ‘सु’चा उकार खाली लोंबतो, म्हणून अक्षरांच्या तळाखाली दोन-तीन ओळी राखून ठेवाव्या लागतात, ‘म्’चा पाय मोडायला तीच जागा कामी येते. ‘स्वा’मधल्या अर्ध्या ‘स’ला स्वतःचा काना नाही. तो ‘व’ला फार चिकटला तर जोडाक्षर ‘ख’सारखं वाचलं जातं, फार दूर गेला तर शब्द तुटतो. ‘त’चा बाक गोल काढता येत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी काढावा लागतो, आणि पायरी एका घराची ठेवायची की दोन घरांची यावर अक्षराचा तोल ठरतो. त्यातून घर खरोखरच चौकोनी पडायला हवं. हात सैल असला तर खांब उंच होतो, घर उभट होतं आणि अक्षरं लांबुडकी दिसतात. शेवटी प्रश्न उरतो की तोरण लांबीकडून सुरू करायचं की रुंदीकडून. लांबीकडून केलं तर अख्ख्या दाराच्या मापाची साखळी आधी घालावी लागते आणि ती चुकली तर पहिल्या ओळीपासून उसवावं लागतं. रुंदीकडून केलं तर हवं तिथे थांबता येतं, पण मग प्रत्येक अक्षर आडवं पडलेलं असतं आणि कागद आडवा धरून वाचत विणावं लागतं.

हे सगळं कुणीतरी सोडवलेलं आहे. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने घरं भरत, खोडत, पुन्हा भरत एखादी बाई बसली असेल तेव्हा कुठे ते पहिलं तोरण निघालं असेल. तिने केलं ते लिपीच्या रचनेचं काम होतं. संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक र. कृ. जोशी यांनी घडवला, हे आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं. तोरणावरच्या देवनागरीवर मात्र नाव नाही. ते काम ‘फावल्या वेळातलं’ ठरलं आणि ठरवणाऱ्यांत आपणही होतो.

आता कुणी म्हणेल की एवढं लिहून काय करायचं, तोरण समोर ठेवलं की अनुभवी बाई घरं मोजून हुबेहूब दुसरं करते. खरं आहे, करते. पण ती नक्कल करते. मूळचीला ज्या अडचणी आल्या, तिने कोणत्या वाटा सोडून दिल्या, हे तिला कळत नाही, म्हणून ‘सुस्वागतम्’च्या जागी तिला ‘शुभ विवाह’ हवं असेल तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. नमुना लिहिलेला असता तर तिने पुढचं पाऊल टाकलं असतं.

लिहायला बसलं की रचना कशी उघडी पडते, ते मला टोपड्याच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसतं. क्रोशाने सपाट गोल विणायचा तर मुक्या खांबाच्या कामात ६ टाक्यांनी सुरुवात करून दर फेरीला ६ वाढवतात, आणि साध्या खांबाच्या कामात १२ ने सुरुवात करून दर फेरीला १२. हे आकडे परंपरेने आले असले तरी मनाला येतील तसे ठरलेले नाहीत. मुका खांब जेवढा रुंद साधारण तेवढाच उंच असतो. फेरी एका टाक्याइतकी बाहेर सरकली की परीघ सहा टाक्यांहून थोडा जास्त वाढतो. वर्तुळाचा तो गुणधर्मच आहे. खांब रुंदीच्या दुप्पट उंच, म्हणून तिथे बारा. याहून कमी वाढवले तर गोलाची वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला चुण्या पडतात.

नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो. टोपडं जरा आवळून बसायला हवं, म्हणून माथ्याचा गोल १० सेंटिमीटर व्यासाचा धरू. तुमच्या लोकरीत आणि तुमच्या हातात खांब एक सेंटिमीटर उंच पडत असेल तर पाच फेऱ्यांत गोल पुरा होईल, पाचव्या फेरीअखेर ६० खांब असतील आणि तिथून पुढे वाढवणं थांबवून सरळ खाली उतरायचं. एवढं समजलं की बाई कुठल्याही मापाचं टोपडं स्वतः आखू शकते. सहा महिन्यांच्या बाळाचं, मोठ्या माणसाचं, बारीक दोऱ्यातलं, जाड लोकरीतलं. ‘पाच फेऱ्या घाल आणि मग वाढवू नकोस’ एवढंच जिला सांगितलं, तिच्याकडे एक टोपडं आहे. हे गणित जिच्याकडे आहे तिच्याकडे टोपड्याची रचना आहे.

हे कागदावर आणताना पहिली ठेच कुठे लागते, तेही सांगते. फेरी सुरू करताना आपण तीन साखळ्या घालतो. त्या तीन साखळ्या पहिला खांब म्हणून मोजायच्या की नाही? विणणारीच्या हाताला ते ठाऊक असतं, म्हणून ती लिहीत नाही. वाचणारीने त्या मोजल्या नाहीत तर तिच्या प्रत्येक फेरीत एक खांब जास्त येतो, टाके जुळत नाहीत, आणि पाचव्या फेरीपर्यंत गोलाची कड लाटांसारखी वर-खाली होते. ती म्हणते, मला जमत नाही. जमत तिला होतं; कागदात एक वाक्य कमी होतं. म्हणूनच ज्या नमुन्यात प्रत्येक फेरीच्या शेवटी टाक्यांची संख्या दिलेली नाही, दोऱ्याचा आणि सुईचा नंबर नाही, दहा सेंटिमीटरच्या तुकड्यात किती टाके आणि किती ओळी बसल्या ते नाही, तो नमुना अर्धवट आहे, मग छायाचित्र कितीही देखणं असो. आणि रचनाकाराने स्वतः तपासून भागत नाही. एखाद्या मैत्रिणीने, फोन न करता, काही न विचारता, नुसता कागद वाचून वस्तू विणून पाहिली पाहिजे. ती जिथे अडेल तिथे कागद चुकला आहे.

मराठी स्वयंपाकघरात हे होऊन गेलेलं आहे. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि ‘अंदाजाने मीठ’ म्हणणाऱ्या परंपरेत पदार्थ मोजून-मापून लिहिले गेले. त्याने कुणाच्या आजीचा हात खोटा ठरला नाही. उलट परगावी, परदेशी एकट्याने संसार मांडणाऱ्या मुलींना आजीच्या चवीपर्यंत जायची वाट मिळाली. विणकामाचीही मराठी पुस्तकं निघाली आहेत. पण घरोघरी रोज नव्या होणाऱ्या रचना त्या शिस्तीने टिपून ठेवायची सवय आपल्याला लागलेली नाही.

सवय न लागण्याचं एक कारण संकोच आहे, दुसरं भीती. ‘मी काय मोठी, माझं काय लिहायचं’ हा संकोच. ‘लिहून दिलं तर सगळ्याच करतील, मग माझं काय उरलं’ ही भीती. संकोचावर उत्तर सोपं आहे. भीतीवर नाही, कारण तिच्यामागे पोटाचा प्रश्न असू शकतो.

आयर्लंडची गोष्ट यासाठी जाणून घेण्यासारखी आहे. १८४५ पासून तिथे बटाट्यावर रोग पडला आणि काही वर्षं भयानक दुष्काळ होता. त्या काळात कॉर्क परिसरातल्या जोगिणींच्या मठांनी आणि क्लोन्स गावात कॅसँड्रा हँड या धर्मगुरूच्या पत्नीने बायकांना क्रोशाची लेस शिकवली. युरोपात ही लेस विकली जाऊ लागली आणि अनेक घरांची चूल तिच्यावर पेटली. गुलाब, तीन पानांचं शॅमरॉक, चाकं अशी नक्षीची फुलं वेगवेगळ्या बायका विणायच्या, मग ती एका जाळीत जोडली जायची. काही फुलं विशिष्ट घराण्यांची म्हणून ओळखली जात आणि ती घराणी ती कुणाला दाखवत नसत. त्या लपवण्याला मी नावं ठेवणार नाही. जिच्या एका फुलावर घरातली भाकरी अवलंबून आहे तिने ते झाकून ठेवलं तर तिचं काय चुकलं?

पण त्याच काळात दुसरा मार्गही निघाला होता. एलेओनोर रीगो द ला ब्राँशार्दिएर ही बाई १८४० च्या दशकापासून लंडनमध्ये क्रोशाच्या नमुन्यांच्या छोट्या पुस्तिका छापत होती आणि पुढची कित्येक वर्षं छापत राहिली. तिने नमुने लपवले नाहीत, लिहिले, छापले, विकले, प्रत्येकावर स्वतःचं नाव घातलं. आज आयरिश क्रोशाचा अभ्यास करणाऱ्याला तिच्या पुस्तिकांशिवाय पुढे जाता येत नाही. झाकलेली फुलं ज्यांनी विणली त्या बायकांची नावं मात्र बहुतेक पुसली गेली. लपवण्याने त्या दिवसाची भाकरी राखली, नाव राखलं नाही. नाव राखलं ते लिहिण्याने.

याहून वाईट अवस्था म्हणजे लपवायलाही स्वतःचं काही नसणं. आंध्र प्रदेशात, गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूर भागात, एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस आणली आणि तिथे तिचा मोठा निर्यातव्यवसाय उभा राहिला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या बायकांमध्ये राहून अभ्यास केला. ‘द लेसमेकर्स ऑफ नरसापूर’ हे त्यांचं पुस्तक १९८२ साली आलं. त्यांनी दाखवून दिलं की हजारो बायका दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, त्यांच्या मालावर व्यापारी पैसा कमवत होते, आणि तरी त्या बायकांना कुणी कामगार म्हणत नव्हतं. त्या घरी बसून वेळ घालवणाऱ्या गृहिणी म्हणूनच धरल्या जात. काम वाटून दिलेलं होतं. कुणी सुटे तुकडे विणायचे, कुणी ते जोडायचे, आणि दोऱ्यापासून गिऱ्हाइकापर्यंतची सगळी साखळी व्यापाऱ्याच्या हातात. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण मानांकन प्रदेशाला मिळतं. विणणारीला तिचा हक्क तेव्हाच मिळेल जेव्हा अख्खी वस्तू तिला आखता येईल आणि ती आखणी तिच्या नावाने कागदावर असेल. तुकडाच विणणाऱ्या बाईला मजुरीचा दर ठरवता येत नाही. आपल्याकडे बचतगटांच्या बायकांना क्रोशाच्या पिशव्या आणि खेळण्यांची कामं मिळतात, तेव्हा तिथेही हाच धोका असतो. प्रशिक्षण द्यायचं तर टाक्यांबरोबर आखणीचंही द्या, असं मी प्रत्येक संस्थेला सांगेन.

मग लिहिलेला नमुना वाटायचा तो कसा? याचं मला सर्वांत आवडणारं उत्तर गणितातून आलेलं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाइना तायमिना या मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली हायपरबोलिक पृष्ठभाग क्रोशाने विणून दाखवला. हा पृष्ठभाग म्हणजे जो मधून बाहेर जाताना इतका पसरत जातो की त्याला चुण्याच चुण्या पडतात, कोबीच्या कुरळ्या पानासारखा. कागदाचे नमुने करून गणितज्ञ तो हाताळत होते, पण कागद फाटायचा. तायमिनांचा नियम एका वाक्याचा आहे. दर इतक्या टाक्यांनंतर एक टाका वाढवा, आणि हे प्रमाण शेवटपर्यंत बदलू नका. सपाट गोल विणताना दर फेरीला वाढ ठरलेल्या संख्येने होते. इथे ती ठरलेल्या प्रमाणात होते, एवढाच फरक, आणि त्यातून वेगळी भूमिती उभी राहते. लहानपणापासून हातात असलेलं बायकांचं काम त्यांनी विद्यापीठाच्या वर्गात नेलं आणि तिथल्या अवघड प्रश्नाचं उत्तर म्हणून मांडलं. यातला अभिमान मला फार मोलाचा वाटतो.

२००५ साली मार्गारेट आणि क्रिस्टीन व्हर्टहाइम या मूळच्या ऑस्ट्रेलियन जुळ्या बहिणींनी हा नियम घेतला आणि मुद्दाम मोडला. कुठे वाढ जास्त, कुठे कमी, मध्येच दोरा बदललेला. त्यातून प्रवाळांसारखे आकार निघाले आणि समुद्रातली प्रवाळं मरताहेत याकडे लक्ष वेधणारा क्रोशाच्या प्रवाळखडकाचा उपक्रम उभा राहिला. देशोदेशींच्या हजारो बायकांनी त्यात आपापलं प्रवाळ विणलं. प्रत्येक प्रवाळ वेगळं, आणि तायमिनांचं नाव त्या साऱ्यांमागे कायम. नियम लिहून दिला म्हणून दुसऱ्यांना तो मोडता आला. दिल्याने तायमिनांचं काही कमी झालं नाही.

कायदाही ढोबळमानाने याच बाजूचा आहे. कल्पनेवर आणि पद्धतीवर कुणाची मालकी नाही, ती ज्या शब्दांत किंवा आकृतीत मांडली त्या मांडणीवर आहे. १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नाटक-सिनेमाच्या संदर्भात हेच तत्त्व सांगितलं. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार तुम्ही लिहिलेली कृती आणि काढलेली आकृती लिहिल्या क्षणापासून तुमची, नोंदणी केली नाही तरी. आणि हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. खांब, साखळी, गोलाचा नियम यांवर मात्र कुणी हक्क सांगू शकत नाही. परदेशी नमुन्यांमध्ये जो ‘ग्रॅनी स्क्वेअर’ म्हणून मिळतो तो रंगीत चौकोन १८८५ साली ‘प्रेअरी फार्मर’ या अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या पत्रात छापून आला होता. तो सगळ्यांचा आहे.

पैशाबद्दल आता सरळ बोलते. नमुना फुकट द्यायचा की पैसे घ्यायचे, हे जिने लिहिला तिने ठरवायचं. बाईने बाईकडून पैसे घेऊ नयेत, ही अपेक्षा मी ठिकठिकाणी ऐकते आणि ती मला अन्यायाची वाटते. शिंप्याला आपण पैसे देतो, शिकवणीला देतो. आठवडेच्या आठवडे आखून, विणून, उसवून, तपासून, लिहून काढलेल्या कागदाचे दीडशे रुपये मागितले की मात्र ‘इतकी काय कमाई लागली आहे’ असं म्हटलं जातं. एकीने विकत घेतलेला नमुना चाळीस जणींच्या मोबाइलवर टाकून देणं याला मोठं मन म्हणत नाहीत. स्वतःचं दिलं तर ते दान. इथे दुसरीचं न विचारता वाटलेलं असतं. ज्या गटात हे राजरोस चालतं तिथे नव्या रचना करणाऱ्या हळूहळू गप्प होतात, आणि मग त्या गटात तेच ते जुने नमुने फिरत राहतात.

पण रचनाकारांच्याही एका मागणीला माझा विरोध आहे. काही नमुन्यांवर अट असते की यावरून केलेली वस्तू विकू नये. ही अट मला मान्य नाही. बाजारात मिळणारं खरं क्रोशाचं काम आजही हातानेच होतं. विणमाग आणि स्वेटरची यंत्रं आहेत, पण क्रोशाच्या टाक्याचं कारखान्यात चालणारं यंत्र नाही. म्हणजे विकली जाणारी प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी तासन्‌तासांच्या श्रमातून आलेली आहे. एखादी बाई तुमच्या नमुन्यावरून चार टोपडी विणून विकत असेल तर तिच्या श्रमाच्या आड येऊ नका. वस्तूच्या चिठ्ठीवर रचना कुणाची ते लिहायला सांगा, एवढा हक्क पुरेसा आहे. एखादी मोठी कंपनी तीच रचना हजारोंनी करवून घेत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे करार हवा आणि मोबदला हवा.

राहिला भाषेचा प्रश्न. आज मराठी बायका पाहतात ते नमुने बहुतेक इंग्रजी, रशियन, जपानी. इंग्रजीत आणखी घोळ असा की एकाच नावाचा टाका ब्रिटनमध्ये आखूड आणि अमेरिकेत उंच असतो. जपानी नमुने आकृतीतले, लंबगोल म्हणजे साखळी, उभी रेघ आणि तिच्यावर तिरका काप म्हणजे खांब. ही चिन्हं तिथल्या राष्ट्रीय मानकात ठरवून दिलेली आहेत, म्हणून जपानीचं एक अक्षर न वाचता इथली बाई ती विणू शकते. आकृतीची ही ताकद आपणही वापरावी. तरी आकृती सगळं सांगत नाही. दोरा किती लागेल, तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे, कुठे हात सैल सोडायचा, हे वाक्यांतच सांगावं लागतं, आणि जी बाई मराठीतच सहज वाचते तिच्यासाठी ते मराठीतच हवं. टाक्यांची नावं गावोगावी थोडी वेगळी असतील. हरकत नाही. नमुन्याच्या सुरुवातीला ‘मुका खांब म्हणजे सुईवर वेढा न घेता घातलेला आखूड टाका, खांब म्हणजे एक वेढा घेऊन घातलेला’ असं दोन ओळींत लिहिलं की विदर्भातली बाई कोकणातला नमुना विणू शकेल.

गेल्या काही वर्षांत संगणकाने बनवलेली क्रोशाची खोटी चित्रं आणि त्यांच्याबरोबर विणताच न येणारे नमुने विकले जाऊ लागले आहेत. टाके नीट पाहिले तर कळतं, दोरा कुठून आला आणि कुठे गेला याचा पत्ता नसतो. नव्याने शिकणारीला ते कळत नाही, ती पैसे घालवते आणि स्वतःला दोष देते. जिने स्वतः विणून, दुसरीकडून तपासून, आपल्या नावाने दिला आहे अशा नमुन्याची गरज यामुळे आणखी वाढली आहे.

म्हणून ज्या बायका हे वाचत असतील त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात आईने, सासूबाईंनी, आत्याने स्वतः आखलेली एखादी वस्तू असेल, आणि ती करणारी अजून तुमच्यात असेल, तर या आठवड्यात तिच्याजवळ वही घेऊन बसा. घरं मोजा, खांब मोजा, दोऱ्याचा आणि सुईचा नंबर विचारा, हे असंच का केलं ते विचारा. ती म्हणेल, त्यात काय एवढं. तरी लिहा. वस्तू तिच्या हातात देऊन एक फेरी पुन्हा विणायला सांगा, कारण बरंचसं तिला तोंडाने सांगता येणार नाही, विणताना दिसेल. मग शेजारणीकडून तो कागद तपासून घ्या. वर तिचं पूर्ण नाव, गाव आणि साल घाला, तो कुणाला आणि कसा द्यायचा ते तिला विचारा, आणि मगच पुढे पाठवा.